वाळलेल्या घेवड्याची सुपे : ग्रीस, तोस्काना, क्यूबा आणि जॉर्जियाच्या पद्धतीने

होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की निथळलेल्या कटाची आमटी होते, आणि कोकणात कुळीथ शिजवून काढलेल्या पाण्याचे कळण होते. दोन्ही पदार्थांमागे एकच जाण आहे: कडधान्याचा कस ज्या पाण्यात उतरला ते पाणी वाया घालवायचे नसते. वाळलेल्या घेवड्याची जी सुपे ग्रीस, इटली, क्यूबा, जॉर्जिया अशा एकमेकांपासून दूरच्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या जेवणात टिकून राहिली, त्यांचाही पाया हाच आहे. या सुपांत भाज्या, मसाले, मांस हे सगळे नंतर येते. आधी दाणे आणि पाणी यांच्यापासून अंगचाच दाटपणा असलेला रस तयार व्हावा लागतो. तो एकदा साधला, की स्निग्ध पदार्थ केव्हा घालायचा आणि आंबट केव्हा घालायचे, या दोन निर्णयांवर सूप कोणत्या देशाचे होणार हे बरेचसे ठरते. म्हणून येथे दाणे शिजवण्याची कृती आधी आणि सविस्तर दिली आहे, आणि मगच एकेक सूप घेतले आहे.

दाणे कोणते घ्यावेत

लाल राजमा, चित्रा राजमा, पांढरा राजमा, काळा राजमा, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा आणि कोवळ्या शेंगांच्या भाजीसाठी आपण आणतो तो श्रावणघेवडा ही सगळी एकाच वनस्पतीची रूपे आहेत. तिचे शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. हे पीक मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिको व मध्य अमेरिकेचा भाग आणि दक्षिणेकडची अँडीज पर्वतराजी, अशा दोन ठिकाणी ते स्वतंत्रपणे लागवडीखाली आले आणि कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर युरोपात पोहोचले. त्यापूर्वी युरोपला वाटाणा, हरभरा, मसूर, चवळी आणि रुंद, चपट्या दाण्याचा बाकला ठाऊक होता. प्राचीन अथेन्समध्ये शरद ऋतूत अपोलो देवासाठी कडधान्ये शिजवण्याचा सण असे, आणि ज्या महिन्यात तो येई त्याच्या ‘पायानेप्सिऑन’ या नावातच दाणे शिजवण्याचा अर्थ आहे. त्या हंडीत आजचा पांढरा घेवडा असणे शक्य नव्हते. तरीही ग्रीक लोक आज ज्याला आपला राष्ट्रीय पदार्थ म्हणतात ते सूप अमेरिकेतून आलेल्या या दाण्यांचे आणि तिकडूनच आलेल्या टोमॅटोचे आहे. भिजवून मंद आचेवर शिजवण्याची रीत आधीपासून हाताशी होती. नवा दाणा त्या जुन्या हंडीत सहज सामावला.

आपल्या बाजारातून निवड करताना फारशी अडचण येत नाही. ग्रीक आणि तोस्कानी सुपांसाठी पांढरा राजमा उत्तम चालतो. उत्तर इटलीत बोर्लोत्ती नावाचा लाल रेघांचा दाणा वापरतात. त्याच्या जागी वाघ्या घेवडा घ्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कोरेगाव तालुक्यातल्या या दाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्याची साल पातळ असते आणि शिजल्यावर तो लोण्यासारखा मऊ होतो. क्यूबाच्या सुपासाठी काळा राजमाच हवा. काळे उडीद किंवा काळी चवळी त्या जागी घालू नयेत, कारण उडदाला चिकटपणा येतो आणि चवळीचा स्वाद अगदीच वेगळा आहे. मुंबईत मिळणारा डबल बी हा फॅसिओलसच्याच कुळातला, पण वेगळ्या जातीचा दाणा आहे. त्याचेही सूप चांगले होते. मात्र त्याच्या कच्च्या दाण्यांत सायनाइड निर्माण करू शकणारी द्रव्ये असू शकतात, म्हणून तो नीट भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि भांडे उघडे ठेवून भरपूर उकळावा.

रंगापेक्षा महत्त्वाचे आहे ते दाण्याचे वय. उष्ण आणि दमट हवेत साठवलेला घेवडा काही महिन्यांत असा टणक होतो, की पुढे कितीही शिजवला तरी त्याचा गाभा खरबरीतच राहतो. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी म्हणूनच वर्षाचा साठा करू नये. महिन्या-दोन महिन्यांपुरता माल आणावा आणि पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. सुरकुतलेले, चिरलेले, फिकट पडलेले दाणे निवडून काढावेत. जुने आणि नवे दाणे एकत्र शिजवू नयेत; निम्मे फुटतात आणि निम्मे कच्चे राहतात.

भिजवणे

पुढच्या प्रत्येक कृतीसाठी ४०० ग्रॅम कोरडे दाणे गृहीत धरले आहेत. एवढ्यात पाच ते सहा जणांचे पोटभर जेवण होते. दाणे निवडून, दोन पाण्यांनी धुऊन दोन लिटर पाण्यात भिजत घालावेत आणि त्या पाण्यात सपाट दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, मीठ विरघळवावे. मिठाने दाणे कडक होतात असे अनेक घरांत मानले जाते, परंतु भिजवणीच्या पाण्यातील मिठाचा परिणाम नेमका उलटा होतो. घेवड्याच्या सालीतील पेक्टिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांमुळे घट्ट बांधलेले असते. मिठातील सोडियम त्यांची काही जागा घेते, साल मऊ पडते आणि दाणा न फाटता शिजतो. मी अनेक वर्षे बिनमिठाच्या पाण्यात दाणे भिजवत होते; मीठ घालू लागल्यापासून फाटलेल्या सालींचा थर सुपावर येणे जवळजवळ थांबले आहे.

दहा ते बारा तास भिजवणे पुरेसे आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी रात्रीत आंबूस होते, म्हणून तेव्हा पातेले फ्रिजमध्ये ठेवावे किंवा सहा तासांनी पाणी बदलावे. भिजलेला दाणा फुगून वजनाने सुमारे दुप्पट होतो. एखादा दाणा मधोमध कापून पाहिला असता आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा दिसला पाहिजे. मध्यभागी पांढुरका कोरडा ठिपका दिसल्यास आणखी दोन तास द्यावेत. हे खारट पाणी टाकून द्यावे आणि दाणे स्वच्छ पाण्याने धुवावेत. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या ज्या शर्करांमुळे पोटात वायू धरतो, त्यांचा काही भाग याच पाण्यात उतरलेला असतो.

शिजवणे

धुतलेले दाणे जाड बुडाच्या पातेल्यात घेऊन त्यांवर दोन लिटर ताजे पाणी घालावे आणि मोठ्या आचेवर खळखळून उकळी आणावी. वर येणारा फेस झाऱ्याने काढावा. ही उकळी पूर्ण दहा मिनिटे टिकली पाहिजे, आणि या एका बाबतीत तडजोड करू नये. घेवड्याच्या कच्च्या दाण्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. उकळत्या पाण्यात हे प्रथिन नष्ट होते. मात्र ८० अंश सेल्सिअसच्या आसपास नुसते ऊन पाण्यात राहिल्यास त्याची तीव्रता उलट वाढू शकते. परदेशात राहणारे अनेक मराठी लोक मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, सकाळी राजमा लावून कामाला जातात. त्यांनी दाणे आधी वेगळ्या पातेल्यात उकळून घेतल्याशिवाय त्या भांड्यात कधीही घालू नयेत.

दहा मिनिटांनंतर आच अगदी कमी करावी. पाण्याचा पृष्ठभाग थरथरत राहील आणि एखादा बुडबुडा वर येईल, एवढीच उष्णता हवी. खळखळत्या पाण्यात दाणे एकमेकांवर आपटून फुटतात आणि रस गढूळ होतो. झाकण किंचित तिरके ठेवावे. याच वेळी एक सोललेला अख्खा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि एक-दोन तमालपत्रे घालावीत. युरोपातले तमालपत्र आपल्या तमालपत्राहून वेगळ्या झाडाचे आहे. त्याला दालचिनीचा वास नसतो. ते मिळाले नाही तर आपले पान अर्धेच घालावे. पाणी आटून दाणे उघडे पडू लागले तर नेहमी आधणाचेच पाणी वाढवावे, कारण गार पाण्याने आच मोडते आणि शिजण्याची लय बिघडते.

ताजा माल एक ते दीड तासात शिजतो. एकच दाणा चाखून निर्णय घेऊ नये. पातेल्याच्या वेगवेगळ्या भागांतून पाच दाणे काढावेत, आणि पाचही दाणे जिभेने टाळूवर दाबताच विरघळले तरच दाणे शिजले असे समजावे. चार मऊ आणि पाचवा चरचरीत असेल तर आणखी पंधरा मिनिटे द्यावीत. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, चिंच यांपैकी काहीही या टप्प्याआधी घालू नये. आंबटामुळे पेशींमधले पेक्टिन विरघळत नाही आणि दाणे तासन्‌तास तसेच राहतात. कूपनलिकेचे जड पाणी असलेल्या भागांतही हीच अडचण येते, कारण त्यातले कॅल्शियम सालीला पुन्हा घट्ट करते. अशा ठिकाणी पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे, आणि तेही नसेल तर पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घालावा. त्याहून जास्त सोडा घातल्यास साबणासारखी चव येते आणि दाण्यातले ब जीवनसत्त्वही कमी होते.

प्रेशर कुकरमध्ये हे काम वेगाने होते आणि विषारी प्रथिनाचा प्रश्नही पूर्ण सुटतो. एक शिट्टी झाल्यावर आच बारीक करून बारा ते पंधरा मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ घाईने काढली, तर आतले पाणी एकाएकी उसळते आणि दाणे फुटतात. तरीही वेळ असेल तेव्हा मी पातेलेच पसंत करते. दीड तासाच्या संथ आचेवर रसाला जो दाटपणा येतो तो कुकरमध्ये त्याच प्रमाणात येत नाही.

ग्रीसचे फासोलाडा

या सुपात तूप नाही, मांस नाही, आले-मिरची नाही. सगळी भिस्त ऑलिव्ह तेलावर आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असलेले उपवासाचे दिवस वर्षभर विखुरलेले असतात, आणि अशा दिवसांत घेवड्यानेच ग्रीक घरांची ताटे भरली. फासोलाडाचे तंत्र तेल आणि दाण्यांतले पिठूळ पाणी एकजीव करण्यात आहे. ते साधले की सूप सरसरीत, सोनेरी-केशरी आणि चमकदार होते. न साधल्यास वर तेलाचा तवंग आणि खाली पाणी राहते.

भिजवलेले पांढरे दाणे दहा मिनिटे उकळून ते पहिले पाणी अनेक ग्रीक घरांत टाकून देतात. रस राखावा असे वर म्हटले असले तरी फासोलाडापुरते मी त्यांचे ऐकते, कारण पहिल्या पाण्याबरोबर दाण्याचा कच्चट, मातकट वास जातो आणि तेलाचा स्वाद निर्मळ राहतो. दाटपणा देणारा पिष्टांश त्या दहा मिनिटांत बाहेर पडलेलाच नसतो. त्यानंतर दाण्यांवर पावणेदोन लिटर उकळते पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास शिजवावे. दाणे निम्म्याहून अधिक मऊ झाले की एक मोठा बारीक चिरलेला कांदा, जाडसर चकत्या केलेली तीन गाजरे आणि सेलरीचे तीन दांडे पानांसकट चिरून घालावेत. ग्रीसमधली सेलरी बारीक दांड्याची आणि भरपूर पानांची असते. आपल्याकडे मिळणाऱ्या जुडीतली पाने लोक बहुधा फेकून देतात, ती येथे आवर्जून वापरावीत. याच वेळी ७५ मिलिलिटर ऑलिव्ह तेल घालावे आणि आच थोडी वाढवावी, म्हणजे हलक्या उकळीत तेल पाण्यात मिसळू लागते.

दाणे पूर्ण शिजल्याची पाच दाण्यांची परीक्षा झाल्यावरच तीन मोठ्या टोमॅटोंचा किसलेला गर घालावा. टोमॅटो आडवे कापून किसणीवर घासले की गर खाली पडतो आणि साल हातात राहते. मीठ घालून आणखी पंचवीस मिनिटे शिजवावे. एक डावभर दाणे काढून पळीच्या पाठीने चेचून परत घालावेत. शेवटच्या पाच मिनिटांत आणखी ५० मिलिलिटर तेल घालून पातेले दोन्ही हातांनी धरून गोल हलवावे. चमच्याने जोरात ढवळल्यास दाणे मोडतात. मग आच बंद करून अर्धा तास सूप मुरू द्यावे. तेलाचे हे प्रमाण वाचताना जास्त वाटते, पण ते निम्मे केल्यावर जे उरते ते गाजर घातलेले घेवड्याचे पाणी असते. ग्रीसमध्ये हे सूप कोमट वाढतात आणि सोबत काळी ऑलिव्हे, कच्चा कांदा आणि जाड पाव देतात. उपवास नसेल तेव्हा फेटा चीज किंवा खारवलेले मासेही असतात.

तोस्कानाची रिबोलिता

इटलीतल्या इतर प्रांतांचे लोक तोस्कानाच्या लोकांना ‘मांजाफाजोली’, म्हणजे घेवडेखाऊ, म्हणत आले आहेत. तिथे पूर्वी पोटाशी फुगीर असलेल्या काचेच्या बाटलीत दाणे, पाणी, लसूण, सेज या सुगंधी वनस्पतीची पाने आणि तेल भरून ती विझत्या निखाऱ्यांच्या उबेत रात्रभर ठेवत. इतक्या आत्मीयतेने शिजवलेले दाणे एकाच जेवणात संपवायचे नसतात, आणि रिबोलिता हे त्याचेच फळ आहे. या शब्दाचा अर्थ ‘पुन्हा उकळलेली’ असा आहे. पहिल्या दिवशी भाज्या, घेवडा आणि शिळा पाव यांचे दाट सूप करायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा तापवायचे, अशी ती दोन दिवसांची कृती आहे. एका दिवसात उरकलेल्या सुपाला रिबोलिता म्हणू नये असे मला ठामपणे वाटते.

पांढरे दाणे वर सांगितल्याप्रमाणे लसूण आणि सेजच्या दोन-तीन पानांसह शिजवावेत; सेज नसेल तर ते वगळावे, त्याच्या जागी दुसरे काही घालू नये. निम्मे दाणे रसासकट वाटून घ्यावेत आणि निम्मे अख्खे ठेवावेत. दुसऱ्या मोठ्या पातेल्यात चार मोठे चमचे ऑलिव्ह तेलात कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून वीस मिनिटे मंद आचेवर परतावे. या मिश्रणाला इटालियनमध्ये सोफ्रितो म्हणतात. आपल्या फोडणीप्रमाणे तेल कडकडीत तापवून चुरचुरीत आवाज काढण्याचे हे काम नव्हे. कांद्याला रंग न येता तो पारदर्शक आणि गोड व्हावा लागतो. त्यावर एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट दोन मिनिटे परतावी, मग दोन बटाट्यांच्या फोडी, पाव किलो कोबी आणि एक मोठी जुडी पालेभाजी जाडसर चिरून घालावी.

ही पालेभाजी म्हणजे तोस्कानाचा काव्होलो नेरो, म्हणजे काळपट हिरव्या, लांब, सुरकुतलेल्या पानांचा केल. शहरांत केल मिळतो, पण त्याला खर्च करण्याची गरज नाही. केल, कोबी आणि नवलकोल ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत, आणि नवलकोलाची कोवळी पाने, जी भाजीवाला बहुतेक वेळा छाटून टाकतो, या सुपात चवीला फार जवळची ठरतात. पालक मात्र घालू नये. तो एवढ्या वेळच्या शिजण्यात विरून जातो. भाज्या खाली बसल्या की वाटलेले दाणे आणि शिजवणीचा सगळा रस घालून झाकण ठेवून मंद आचेवर तासभर शिजवावे. अख्खे दाणे शेवटच्या दहा मिनिटांत घालावेत आणि मिठाची चव पाहावी.

आता पाव. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा, जाड सालीचा आणि घट्ट असतो, आणि तो शिळा झाला तरी रसात भिजल्यावर त्याची खळ होत नाही. आपला स्लाइस ब्रेड येथे पूर्णपणे निरुपयोगी आहे, कारण तो पाच मिनिटांत चिकट लगदा होतो. मुंबईतल्या इराणी बेकऱ्यांचा ब्रून पाव किंवा गोव्यातला कडक उंडो दोन दिवस उघडा ठेवून वाळवला तर तो हे काम उत्तम करतो. पावात मीठ असल्यामुळे सुपातले मीठ तेवढे कमी करावे. अडीचशे ग्रॅम पावाचे जाड तुकडे आणि सूप यांचे खोल भांड्यात एकाआड एक थर लावावेत आणि गार झाल्यावर भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते जाड बुडाच्या कढईत थोडे पाणी घालून हळूहळू उकळीपर्यंत तापवावे, लाकडी चमच्याने खालून वर करावे, आणि बुडाला किंचित खरपूस थर धरू लागला की उतरवावे. वाढताना प्रत्येक ताटलीत कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार आणि मिरपूड घालावी. ही रिबोलिता पिण्याइतकी पातळ नसते. चमचा तिच्यात उभा राहिला पाहिजे.

क्यूबाचे काळ्या घेवड्याचे सूप

येथे दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे काळ्या राजम्याचा गडद जांभळा रंग सालीतच असतो आणि भिजवणीच्या पाण्यात उतरतो. तो राखण्यासाठी क्यूबातल्या अनेक घरांत दाणे त्याच पाण्यात शिजवतात. तसे करायचे असल्यास भिजवताना मीठ घालू नये, आणि दहा मिनिटांची खळखळती उकळी अजिबात चुकवू नये. दुसरी गोष्ट म्हणजे परतलेला मसाला सुरुवातीला न घालता दाणे शिजल्यावर घालतात, जवळजवळ आपण आमटीला वरून फोडणी देतो तसा.

दाणे शिजताना पातेल्यात अर्धी ढोबळी मिरची आणि तमालपत्र टाकावे. दाणे मऊ झाले की वेगळ्या कढईत चार मोठे चमचे ऑलिव्ह तेलावर एक कांदा, एक हिरवी ढोबळी मिरची आणि लसणाच्या सहा पाकळ्या बारीक चिरून मऊ होईपर्यंत परताव्यात, आणि त्यात एक छोटा चमचा जिरेपूड व तेवढाच सुका ओरेगानो घालावा. या परतलेल्या मसाल्यातच दोन डाव दाणे घालून चेचावेत, लगदा दोन मिनिटे परतावा आणि सगळे मिश्रण पातेल्यात ओतावे. मीठ आणि एक छोटा चमचा साखर घालून अर्धा तास मंद आचेवर ठेवावे. अगदी शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर आणि वरून थोडे कच्चे तेल घालावे. रात्रभर मुरलेल्या अशा दाट घेवड्याला क्यूबात ‘दोर्मिदोस’, म्हणजे झोपलेले, म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ते पांढऱ्या भाताबरोबर खाल्ले की या शब्दाचा अर्थ जिभेला कळतो.

जॉर्जियाचे लोबिओ

आपल्या ओळखीचा लोबिया हा शब्द फारसीतून आला आहे, आणि कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या जॉर्जियात घेवड्याला जो लोबिओ म्हणतात तो याच शब्दाचा नातलग आहे. मराठी जिभेला मला हे सूप सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात धने, कोथिंबीर, मेथी आणि लसूण हे सगळे आहे. फक्त आपण जिथे खोबरे किंवा शेंगदाणे वाटून घातले असते तिथे ते अक्रोड घालतात.

लाल राजमा किंवा वाघ्या घेवडा पूर्ण शिजवून एक तृतीयांश दाणे पातेल्यातच घोटावेत. दोन कांदे थोड्या तेलात गुलाबी परतून त्यात घालावेत. शंभर ग्रॅम अक्रोड, लसणाच्या चार पाकळ्या, एक छोटा चमचा धने, एक सुकी लाल मिरची आणि मीठ खलबत्त्यात कुटावे. मिक्सर वापरल्यास तो थांबत थांबत फिरवावा, नाहीतर अक्रोडाचे तेल सुटते. जॉर्जियात यात उत्सखो सुनेली नावाची निळ्या फुलांच्या मेथीची पूड घालतात. ती आपल्या मेथीहून सौम्य असते, म्हणून तिच्या जागी मंद भाजलेल्या मेथीदाण्यांची केवळ चिमूटभर पूड घालावी. हे वाटण रसात कालवून पाच मिनिटेच शिजवावे, कारण अक्रोड फार उकळल्यास कडवट होतो. उतरवल्यावर मूठभर चिरलेली कोथिंबीर घालावी. आंबटपणासाठी तिकडे आंबट अलूबुखाराची त्केमाली नावाची चटणी वापरतात. मी चार-पाच आमसुले गरम पाण्यात भिजवून त्यांचे पाणी घालते. चिंचेपेक्षा आमसूल येथे अधिक शोभते, कारण त्याच्या आंबटपणात फळाचा गोडसर वास आहे. लोबिओ मातीच्या भांड्यात वाढतात आणि सोबत म्चादी नावाची मक्याची जाड भाकरी व लोणची असतात. मक्याची भाकरी आपल्याला नवी नाही.

आणखी काही, थोडक्यात

बल्गेरियाच्या ‘बॉब चोर्बा’तला चोर्बा म्हणजे आपल्या परिचयाचा शोरबाच, तुर्की भाषेच्या वाटेने तो शब्द बाल्कन देशांत गेला. पांढरे दाणे, कांदा, गाजर, टोमॅटो आणि लाल पाप्रिका एवढ्या साहित्यात तिथे शेवटी भरपूर सुका पुदिना चुरडून घालतात. फासोलाडाच्याच कृतीत तेल निम्मे करून दोन छोटे चमचे सुका पुदिना घातला तर हे सूप घरी सहज होते. हंगेरीत कादंबरीकार मोर योकाई यांच्या नावाने ओळखले जाणारे घेवड्याचे सूप डुकराच्या धुरावलेल्या मांसावर, आंबवलेल्या सायीवर आणि चिमटीने तोडलेल्या कणकेच्या छोट्या गोळ्यांवर उभे आहे. ते गोळे आपल्या वरणफळांची आठवण करून देतात.

अमेरिकी सेनेटच्या उपाहारगृहात घेवड्याचे सूप रोज मिळते. ही प्रथा कोणी पाडली याच्या दोन कथा आहेत. एका कथेत आयडाहोचे फ्रेड डुबॉइस हे सेनेटर आहेत आणि दुसरीत मिनेसोटाचे नूट नेल्सन, ज्यांनी १९०३ मध्ये त्याची मागणी केल्याचे सांगितले जाते. त्याची कृती अतिशय साधी आहे: बारीक पांढरे दाणे, धुरावलेल्या डुकराच्या पायाचा तुकडा, लोण्यात परतलेला कांदा, मीठ आणि मिरी. डुबॉइस यांच्या नावाच्या कृतीत कुस्करलेला बटाटाही आहे. युद्धकाळातल्या शिधावाटपामुळे १४ सप्टेंबर १९४३ रोजी दाणे पुरेसे नव्हते म्हणून ते सूप मिळू शकले नाही, याचीही तिथे नोंद आहे.

मांसाच्या बाबतीत आपल्याजवळचे उदाहरण गोव्याचे आहे. पोर्तुगीजांबरोबर आलेली फेजुआदा, म्हणजे मांस घालून शिजवलेला घेवडा, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तिथल्या चोरिसोसह, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजसह, शिजते, आणि चोरिसोतले मसाले व व्हिनेगर हेच तिचे वाटण होते. चोरिसो आंबट असल्यामुळे तो दाणे पूर्ण शिजल्यावरच घालावा. वर सांगितलेला आंबटाचा नियम इथेही तंतोतंत लागू पडतो.

उरलेले सूप

घेवड्याचे सूप शिजवल्यानंतर दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत ओतून फ्रिजमध्ये ठेवावे. मोठ्या पातेल्यात ते मध्यभागी बराच वेळ कोमट राहते आणि आपल्या हवेत आंबते. फ्रिजमध्ये ते तीन दिवस चांगले राहते. केवळ शिजवलेले दाणे साठवायचे असतील तर ते त्यांच्याच रसात बुडवून फ्रीझरमध्ये ठेवावेत, कारण रसाबाहेर काढलेल्या दाण्यांची साल सुकून तडकते. असे डबे दोन-तीन महिने टिकतात आणि त्यांतून वरीलपैकी कोणतेही सूप तासाभरात होते. अपवाद रिबोलितेचा, तिला रात्र लागतेच. थंड झाल्यावर सूप आळते, म्हणून तापवताना आधणाचे पाणी घालून त्याला पूर्ण उकळी आणावी. रात्रीत मीठ मुरते पण आंबटाची धार बोथट होते, तेव्हा फासोलाडात लिंबाचे दोन थेंब, क्यूबाच्या सुपात पुन्हा अर्धा छोटा चमचा व्हिनेगर आणि लोबिओत ताजी कोथिंबीर वाढायच्या क्षणी घालावी.